बेवडाचं काम

खोली भाड्यानं देताना त्यांनी आमचं आडनाव विचारलं नाही, नवऱ्याचा पगार विचारला नाही, मच्छी खाता का हेही विचारलं नाही. ओट्यावर उकिडवे बसून काडीनं पायाची नखं साफ करत त्यांनी माझ्या नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुमच्याकडे काय पिकतं?"

माझा नवरा तेव्हा वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होता. त्याला वाटलं म्हातारा गावाकडचं धान्य फुकटात मागतोय. तो घाईघाईनं म्हणाला, "शेती वडिलांकडे आहे, आमच्या हातात काही नाही." म्हातारा माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "ज्वारी. आम्ही मंगळवेढ्याकडचे. आमच्याकडे ज्वारी नाही पिकणार तर काय पिकणार?"

"ज्वारीच्या शेजारी काय लावता?"

"करडई. मधेमधे पट्टे काढतात."

"पटतं त्यांचं?"

आता ज्वारीचं आणि करडईचं पटतं की नाही, हे मला कोणी लग्नात सांगून पाठवलं नव्हतं. मी म्हटलं, "आजवर कोणाची तक्रार आली नाही." ते हसले नाहीत. गंभीरपणे मान हलवली, आत गेले आणि किल्ली घेऊन आले. झाली आमची मुलाखत.

ही नव्वद सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या अंगाला जी गावं आहेत त्यातल्या एकात त्यांचं घर होतं आणि घरामागं वाडी. आमच्याकडे वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. तिकडे वाडी म्हणजे बागायत: नारळ, केळी, मधे विहीर, विहिरीभोवती भाजीचे वाफे. घराच्या मागच्या दोन खोल्या आमच्या, पुढचं घर त्यांचं. बायको वारलेली, मुलगा आखातात, मुलगी लग्न होऊन लांब. अख्ख्या घरात हा एकटा माणूस, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि बिनबाह्यांची बनियन घालून सकाळपासून वाडीत. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. त्यांच्या घरची बोली वेगळीच होती, त्यातलं मला अक्षर कळायचं नाही. माझ्याशी ते शाळेतलं मराठी बोलायचे, पण त्यातही पाण्याचं पानीच व्हायचं.

पहिल्या रविवारी पांढराशुभ्र फुल शर्ट घालून निघाले आणि म्हणाले, "देवळात जाऊन येतो." मी विचारलं, "कुठल्या देवाचं देऊळ, काका? मी पण आले असते." तर म्हणे, "येशूचं. चल की." ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी ख्रिस्ती माणसाच्या घरात राहतेय हेही त्याच दिवशी कळलं, कारण नाव विचारायचं आमच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"झाडं तोंडानं भांडत नाय, बाय. पायानं भांडतात."

हे वाक्य त्या घरात सात वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. मी भाजी निवडत बसले की यायचे आणि सुरू व्हायचे. "मानूस भांडला तर चार घरांना ऐकू जातं. झाड गप उभं असतं. वर बघशील तर वाऱ्यावर डोलतंय, आनि खाली मुळं थुंकतायत. त्या थुंकीत शेजारचं बी रुजत नाय. रुजलं तर वाढत नाय. बसतं पिवळं पडून."

"म्हणजे विष म्हणा ना."

"विष नाय म्हनायचं!" एकदम आवाज चढायचा. "विष मानसं घालतात. झाडाची ती थुंकी."

त्या एका शब्दावर ते इतके का चिडतात ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

वाडीत एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाताना पाय धुवायचे, हा त्यांचा कायदा. प्रत्येक बांधावर एक बादली आणि वर फुटका मग. फावडंसुद्धा धुवायचं. एका झाडाची थुंकी आपल्या पायाला लागून दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. पोस्टमनला त्यांनी एकदा तीन वेळा पाय धुवायला लावले. तेव्हापासून तो पत्रं कुंपणावरूनच फेकायचा आणि आखातातून मुलानं पाठवलेलं पत्र एकदा केळीच्या पाचोळ्यात आठ दिवस पडून होतं. पवित्र गुरुवारी फादर देवळात बारा जणांचे पाय धुतात. एका वर्षी फादर काकांना म्हणाले, "मी वर्षातून एकदा धुतो, तुम्ही रोज धुता, तुम्हाला जास्त पुण्य." त्यावर काकांनी फादरनाच विचारलं, "ते पानी नंतर कुठं ओतता?"

आणि करवंट्या! आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला कट्टा होता, त्यावर नारळाच्या वीसेक करवंट्या ओळीनं मांडलेल्या. एखादं झाड हळूच उपटायचं, मुळं धुवायची आणि रात्रभर विहिरीच्या पाण्यात भिजत ठेवायची. त्याला ते म्हणत "पायाचं पानी". मग करवंटीत ओलं फडकं, फडक्यावर मेथीचे मोजून दहा दाणे आणि त्यावर हे पायाचं पाणी शिंपडायचं. कुठल्या झाडाच्या पाण्यात किती दाण्यांना मोड आला ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहायचं. शेवटच्या करवंटीत नुसतं विहिरीचं पाणी. तिचं नाव "देवाची करवंटी". ही आधी नव्हती म्हणे. एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना ते करवंट्या दाखवायला पिशवीतून घेऊन गेले होते. प्राध्यापक म्हणाले, "आजोबा, साध्या पाण्यातले दाणे तरी रुजतात का, ते कोणी बघायचं?" ह्यांना ते पटलं. घरी येऊन आधीची सगळी कॅलेंडरं जाळून टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मला ह्या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. आम्ही आपलं चुकलेलं आयुष्यभर जपून ठेवतो.

मला आधी हे काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, म्हाताऱ्यानं भाडेकरूंसाठी मेथीला मोड आणून ठेवलेत. काय माणुसकी! तीन करवंट्या उचलल्या आणि त्यातले दाणे मटकीच्या उसळीत टाकले. काका वासावर आले. कढईत बघितलं, कट्ट्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तर विचारतात काय, "कुठल्या तीन?" मी सांगितलं, डावीकडच्या. "चवीत फरक लागला?" मी म्हटलं, कडू आहे. "मेथी कडूच असते, बाय. त्यापेक्षा कडू लागली का सांग." नाही म्हटलं. तसं त्यांनी लिहून ठेवलं.

हसायला येतं आता. पण त्या करवंट्या कशासाठी होत्या ते मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. सांगितलं पाचूबंदराहून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या कोळीणमावशीनं. बोंबील मोजता मोजता तिनं सगळं ओतलं.

वाडीच्या पलीकडे, झावळ्यांच्या कुंपणाआड, त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाचं घर होतं. बापाची एकच वाडी, दोघांत वाटलेली, विहीर सामाईक. बारा वर्षांपूर्वी काकांनी कुंपणाला लागून रताळी लावली. पलीकडे कुंपणाला लागूनच भावाची चवळी होती. चवळीची कुंपणाकडची ओळ पिवळी पडली. मग दुसरी ओळ. भावानं शोध घेतला. ह्यांच्या पडवीत मोरचुदाचा डबा सापडला. बाप पानवेलीवर फवारायचा तेव्हापासूनचा, गंजलेला. रविवारची प्रार्थना, मिस्सा, सुटल्यावर भावानं देवळाच्या अंगणात सगळ्या गावासमोर सांगितलं, "माझ्या भावानं माझ्या वाफ्यात विष ओतलं."

"आनि ह्यो काय बोल्ला ठाव हाय?" मावशी म्हणाली. "म्हनतो, मी नाय, रताल्यानं केलं! सगली मानसं हसली गो. रतालं कोनाला मारतंय? तवापासनं दोगं भाव एका इहिरीचं पानी पितान् आनि बोलत नाय."

गावातली पोरं नंतर कितीतरी वर्षं ह्यांना मागून "रताळं" म्हणून हाक मारायची.

तेव्हा मला उलगडा झाला. हा माणूस वेडा नव्हता. त्याला बक्षीस नको होतं, पेपरात नाव नको होतं. कुंपणापलीकडच्या एका माणसानं एकदा म्हणावं, तू नाही केलंस. बस, एवढंच त्याला हवं होतं आणि त्यासाठी तो बारा वर्षं मेथीचे दाणे मोजत होता. भावाला ते भाऊ म्हणत नसत. "पलीकडचा" म्हणत. दर थंडीत दोन करवंट्या कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवत, एक रताळ्याच्या पाण्याची आणि एक देवाची. पलीकडच्यानं बघावं म्हणून. पलीकडच्याच्या कोंबड्या यायच्या आणि दोन्ही साफ करून जायच्या.

आता ज्वारीचं.

मला डोहाळे नव्हते, काही नव्हतं, नुसती गावाची आठवण येत होती. तिकडे सगळं हिरवंगार, पण हुरडा नाही. दुसऱ्या वर्षी वडील पायलीभर ज्वारी घेऊन आले होते, खायला म्हणून. मी काकांकडे कोपरा मागितला. धुण्याच्या दगडापलीकडे, शेवग्याच्या झाडाजवळ चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद जागा. मला वाटलं, आता प्रश्नपत्रिका येणार: शेजारी काय, पटतं का, पाय कसे. तर म्हणाले, "घाल. धान्य गरीब असतं. माझा भात बघ, कधी कोनाशी भांडला नाय. भांडतात ती वेलवर्गी." एवढा सगळ्यांच्या पायांवर नजर ठेवणारा माणूस, पण धान्याच्या बाबतीत डोळे मिटून विश्वास!

मी दसऱ्यानंतर पेरली, भोवती विटांची ओळ लावली. जानेवारीत कणसं दुधात आली. शेणीच्या आरावर भाजून हुरडा काढला, खोबऱ्याची नि लसणाची चटणी केली. काकांनी दोन वाट्या खाल्ल्या. मी ताटं कापून कोणाच्या तरी बकऱ्यांना दिली. काकांनी विटा तशाच ठेवून तो कोपरा आणि बाजूची सगळी पट्टी खणून त्यात लाल माठ टाकला.

फेब्रुवारीत माठ उगवला. सगळी पट्टी कुंकू सांडल्यासारखी लाल, आणि मधे धुण्याच्या दगडापाशी एक टक्कल. चार काड्या कुठं उभ्या, त्याही फिकट.

त्या वेळी त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. माझ्या दारात आले. करवंट्या नाही, कॅलेंडर नाही, प्रश्न नाही. "साबनाचं पानी ओतलंस ना, बाय?"

मी म्हटलं, "नाही हो काका. मी बादलीनं उचलून रस्त्याच्या गटारात टाकते, तुम्ही बघता की रोज."

"बघतो तेव्हा टाकतेस. नाय बघत तेव्हा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्ष मी ती जड बादली कमरेवर घेऊन वाडीला वळसा घालत होते, ह्यांचा कायदा म्हणून. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "महिना संपला की खोली सोडा." आणि पाठ फिरवून गेले. मी रडले. रागानं रडले. चोर सोडून संन्याशाला फाशी! नवरा म्हणाला, "जाऊ दे, आपण दुसरीकडे बघू." मी म्हटलं, "बघू काय? मी केलेलं नाही ते मी केलं म्हणून ह्या गावातून जायचं?"

दोन दिवस काका आणि मी एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो वाफा नीट बघायला गेले, भांडायला काही सापडतं का म्हणून. आणि उभी राहिले. टक्कल साबणाच्या पाण्यासारखं पसरट नव्हतं. चौकोनी होतं. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. शेवग्याच्या बुंध्याशी मी ज्वारीची ओळ जिथं वाकडी नेली होती, तिथं टक्कलही वाकडं होतं. माझी ज्वारी, जशीच्या तशी!

मला वडील आठवले. आमच्या बांधावर उभं राहून ते कितीदा म्हणायचे: ज्वारीचा बेवड वाईट, लगेच मागं नाजूक काही घेऊ नये.

काका विहिरीवर पाणी ओढत होते. मी तिथूनच ओरडले, "काका! साबणाचं नाही हे! बेवडाचं काम आहे!"

रहाट थांबला. "कोनाचं?"

"बेवडाचं! बेवडाचं काम!"

त्यांनी कळशी खाली ठेवली. चेहरा असा झाला की मला वाटलं, पटलं. हळूच म्हणाले, "बरोबर. माझ्या कसं ध्यानात आलं नाय." घरात गेले, बनियनवर तो रविवारचा पांढरा शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि खाकी चड्डीवर तसेच फाटकातून रस्त्याला लागले. मी म्हटलं, गेले कोणाला तरी शोध सांगायला. मनातून सुखावलेसुद्धा.

मग कुंपणापलीकडून आवाज आला. "ए बेवड्या! बाहेर ये!"

मी कपाळावर हात मारला. पलीकडचा संध्याकाळी ओट्यावर बसून घ्यायचा, रोज. अख्खं गाव त्याला मागून बेवडा म्हणायचं. ध चा मा होतो म्हणतात तो असा. माझ्या वडिलांचा शब्द मी ह्या किनाऱ्यावर ओरडले होते, जिथं तो कोणी कधी ऐकलेला नव्हता.

फाटकातून वळसा घालायला वेळ नव्हता. मी झावळ्यांतून घुसले, साडी फाटली, दंडावर ओरखडे आले. पलीकडे दोन म्हातारे समोरासमोर उभे. मोठा भाऊ यांच्याहून वीतभर उंच, हातात काठी.

"माझ्या वाफ्यात काय ओतलंस, बोल!"

"मी? मी ओतलं? ओतायचा धंदा तुझा! सगळ्या गावाला म्हाईत आहे!"

बारा वर्षांनी तोंड उघडलं ते ह्यासाठी. मी मधे जाऊन उभी राहिले. "काका, बेवडा नाही, बेवड! काना नाही त्याला!"

दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

"बेवड म्हणजे," मला धाप लागली होती, "जमिनीतून एक पीक उठून गेलं की मागं जे ठेवून जातं ना, त्याला आमच्याकडे बेवड म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, मागून येणारं पीक जोमात येतं. ज्वारीचा वाईट. कोणी काही ओतलेलं नाही. माझ्या ज्वारीनं केलंय ते."

काका म्हणाले, "हे तुमच्याकडे कोनाला म्हाईत आहे?"

"सगळ्यांना. शेतकऱ्याच्या पोरासोरांनासुद्धा. त्यावरून कोणी कोणावर आळ घेत नाही."

"सगळ्यांना," ते म्हणाले आणि भावाच्याच पायरीवर मटकन बसले. "शब्द आहे त्याला." मला त्यांच्याकडे बघवेना. ज्यासाठी ते बारा वर्षं गावाचं हसं झाले होते, त्याला आमच्याकडे शब्द होता, आणि तो माझ्या तोंडात असून मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते.

मोठा भाऊ काठी टेकत म्हणाला, "दाखव."

मी पुढं, मागं ते दोघं. मोठ्या भावानं वाफा बघितला, चहूबाजूंनी फिरला. मला म्हणाला, "हे मागनं येनाऱ्याचं झालं. माझी चवळी मागनं नव्हती आलेली. शेजारी होती. मधे कुंपन होतं."

प्रश्न बरोबर होता. तेवढ्यात काका, ज्यांनी मला दोन दिवसांपूर्वी खोली सोड म्हटलं होतं, ते वाफ्यात गुडघ्यावर बसले. माझ्या विटांची ओळ अजून तिथंच होती. त्यांनी विटेच्या बाहेर बोट ठेवलं. ज्वारी विटेच्या आत होती. पण विटेच्या बाहेरही माठ खुजा होता, मुळं विटेखालून जिथवर गेली असतील तिथवर. त्याच्यापुढं एकदम लाल.

मोठा भाऊ काठी टाकून खाली बसला. आपला पंजा पसरून विटेपासून लाल माठापर्यंत वीत टाकली. एक वीत. पुढं सरकला, परत टाकली. एक वीत. चारी बाजूंनी रांगत रांगत त्यानं मोजलं, शेवग्याच्या वाकड्या कोपऱ्यातसुद्धा. कुठं वीतभर, कुठं त्याहून बोटभर जास्त. मग मातीतच बसून राहिला. म्हणाला, "ओतनारा मानूस असं मापात ओतत नाय."

बारा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते हे असं आलं. मला वाटलं, आता काका रडतील नाहीतर ओरडतील. ते म्हणाले, "मी हिला साबनाचं म्हटलं. खोली सोड म्हटलं. विचारलं पन नाय नीट." भावाला नव्हे, मातीलाच सांगितल्यासारखं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चुकलं माझं, बाय." माझा सगळा राग उतरला.

मोठा भाऊ म्हणाला, "ती आली होती माझ्याकडे."

"कोन?"

"तुझी घरची. त्याच वर्षी. पायरीवर बसली होती माझ्या. म्हनाली, भावजी, मी शपथ घेते, यांनी नाय केलं. मी तिला खोटारडी म्हटलं. हाकलली."

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं.

"मयताला पन नाय आलो मी," मोठा भाऊ म्हणाला. "तिला कुठं ठेवली?"

"देवळामागं. आंब्याच्या अंगाला, तिसरी ओळ." काकांनी हाताची माती पुसली. "पन आता ती नाय तिथं. सात वर्षं झाली. मागच्या वर्षी त्या जागेत दुसऱ्या कोनाला ठेवलं."

तिकडे बऱ्याच ठिकाणी कबर कायमची नसते. जागा थोडी, माणसं पुष्कळ. काही वर्षांनी हाडं काढून घेतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. मला हे त्या क्षणी कळलं.

मोठ्या भावानं उठायला हात पुढं केला. काकांनी तो धरला. "जागा तरी दाखव," तो म्हणाला.

ते गेले, तसेच, गुडघ्याला माती लागलेली. मी गेले नाही, तो माझा विषय नव्हता. तिथं काय झालं ते काकांनी मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं, अंगणात उभं राहून, दुसरीकडे बघत. त्या कबरीवर कोणा परक्या माणसाचा क्रूस होता, त्याचं नाव, त्याच्या जन्म-मरणाच्या तारखा. मोठा भाऊ त्या परक्या नावापुढं गुडघे टेकून बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "तुझं खरं होतं."